झोपेसाठी होमिओपॅथीचं औषध विकत घ्यावं का? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला की झोप लागत नसल्याच्या तक्रारी वाढतात आणि 'झोपेचे ड्रॉप्स', 'गोड गोळ्या' यांची विचारपूसही वाढते. पैसे मोजण्याआधी लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. मूळ मुद्दा असा की बाटलीच्या पुढच्या बाजूचं नाव आणि झोपलेल्या माणसाचं चित्र बाजूला ठेवायचं आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायची.

थोडक्यात सांगा, घ्यावं की नाही?

औषधाच्या नावापुढे ३० किंवा २०० लिहिलं असेल तर घेऊ नका. त्यात मूळ पदार्थ उरलेला नसतो आणि साध्या साखरेच्या गोळीपेक्षा त्यानं झोप जास्त येते, असा भरवशाचा पुरावा नाही. नावापुढे 'क्यू' असेल तर ती गोष्ट वेगळी. तो वनस्पतीचा खरोखरचा अर्क असतो, म्हणून त्याचे थोडेफार परिणामही असू शकतात आणि धोकेही. एकाच दुकानात, एकाच फळीवर, एकाच 'होमिओपॅथी' या नावाखाली या दोन्ही गोष्टी मिळतात. बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

क्यू, ६ एक्स, ३०, २०० म्हणजे नेमकं काय?

क्यू म्हणजे मदर टिंक्चर, वनस्पती अल्कोहोलमध्ये भिजवून काढलेला अर्क. त्यातला एक भाग घेऊन नऊ भाग अल्कोहोल किंवा दुग्धशर्करेत मिसळला की १ एक्स होतो. नव्व्याण्णव भागांत मिसळला की १ सी. हीच क्रिया पुन्हा पुन्हा केली की आकडा वाढत जातो. ६ एक्स म्हणजे दहा लाखात एक भाग. नुसतं '३०' लिहिलेलं असतं तेव्हा ते बहुधा ३० सी असतं, म्हणजे शंभरपट पातळ करण्याची क्रिया तीस वेळा केलेली.

हिशोब करून पाहा. गिरणा धरण पूर्ण भरलं की त्यात साधारण पन्नास-साठ कोटी घनमीटर पाणी असतं. त्यात अर्काचा एक थेंब टाकून सगळं पाणी नीट ढवळलं, तर तयार होईल ते जेमतेम ८ सी. तिथून ३० सी गाठायला आणखी बावीस वेळा, प्रत्येक वेळी शंभरपट, पातळ करावं लागेल. रसायनशास्त्राच्या अव्होगाड्रो अंकाप्रमाणे १२ सीच्या आसपासच मूळ पदार्थाचा शेवटचा रेणू संपतो. त्यापुढच्या बाटलीत उरतं ते अल्कोहोल, पाणी किंवा साखर.

पाण्याला मूळ पदार्थाची 'आठवण' राहते, असं काहीजण सांगतात. तसा दावा करणारा एक शोधनिबंध १९८८ साली 'नेचर' या नियतकालिकात आला होता. मात्र निरीक्षकांसमोर प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही.

दुकानदार कॉफिया, पॅसिफ्लोरा, काली फॉस अशी नावं सांगतात. यांत फरक काय?

कॉफिया क्रूडा हे कच्च्या कॉफीबियांपासून बनतं. जो पदार्थ निरोगी माणसात लक्षण निर्माण करतो तोच आजाऱ्यातलं तसं लक्षण घालवतो, हे होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १७९६ साली मांडलेलं तत्त्व. म्हणून झोप उडवणाऱ्या कॉफीचं औषध झोपेसाठी. ते बहुतेक वेळा ३० किंवा २०० मध्ये मिळतं, तेव्हा त्यात कॉफी नसते.

पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा ही कृष्णकमळाच्या कुळातली वेल. ती बहुतेक 'क्यू'मध्ये विकली जाते. या वनस्पतीवर झालेले अभ्यास लहान आहेत आणि त्यांतून दिसलेला परिणाम सौम्य आहे. अव्हेना सटायव्हा म्हणजे ओट्स, व्हॅलेरियाना म्हणजे व्हॅलेरियनचं मूळ. तीही 'क्यू'मध्ये मिळतात.

काली फॉस ६ एक्स ही बायोकेमिक गोळी, म्हणजे दुग्धशर्करेत पोटॅशियम फॉस्फेट. १०० मिलीग्रॅमची एक गोळी, चार गोळ्या चार वेळा, असं दिवसाला १.६ ग्रॅम पोटात जातं. त्यात पोटॅशियम फॉस्फेट १.६ मायक्रोग्रॅम. रोजच्या जेवणातून याच्या लाखो पटींनी जास्त पोटॅशियम मिळतं.

नक्स व्होमिका म्हणजे कुचला, अकोनाइट म्हणजे बचनाग, आर्सेनिकम म्हणजे सोमल. ही मुळात विषं आहेत. ३० मध्ये त्यांचं काही उरत नाही, पण 'क्यू' किंवा ३ एक्ससारख्या कमी आकड्यात नक्की असतात. तशी बाटली स्वतःच्या मनानं कधीच घेऊ नका.

संशोधन काय म्हणतं?

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१५ साली ६१ आजारांवरचे १७६ अभ्यास तपासले. एकाही आजारावर होमिओपॅथी गुणकारी आहे असं भरवशानं म्हणता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फक्त निद्रानाशापुरतं बोलायचं, तर २०१० सालच्या एका आढाव्यात होमिओपॅथिक औषधाची दिसायला तशाच बिनऔषधी गोळीशी तुलना करणाऱ्या मोजक्याच चाचण्या सापडल्या, त्याही लहान आणि कच्च्या. २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत पुरावा तोकडा असल्यामुळे निद्रानाशासाठी होमिओपॅथीची शिफारस करू नये, असं लिहिलं आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत ६० रुग्ण होते आणि होमिओपॅथी घेणाऱ्यांच्या झोपेच्या नोंदी जास्त सुधारल्या. पण तिथे प्रत्येक रुग्णाला तपासून वेगळं औषध दिलेलं होतं. दुकानातली सगळ्यांसाठी एकच असलेली बाटली त्या चाचणीच्या आधारावर विकता येत नाही. शिवाय ६० रुग्णांचा निकाल दुसऱ्या ठिकाणी, मोठ्या संख्येवर पुन्हा मिळेपर्यंत त्यावर भिस्त ठेवू नये.

पण आमच्या मावशींना खरंच गुण आला. त्याचं काय?

मावशी खोटं बोलत नाहीत. झोप सुधारली असेलच. ती बाटलीमुळे सुधारली का, एवढाच प्रश्न आहे. निद्रानाश चढउतारांचा असतो आणि माणूस औषध घ्यायला जातो तो सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतरचा आठवडा काही न करताही बरा जाण्याची शक्यता मोठी असते. दुसरं असं, की झोपेच्या तक्रारीत 'आता काहीतरी घेतलंय' या भरवशानंच अंथरुणातली धडपड कमी होते.

तिसरं कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. या औषधांबरोबर पथ्य सांगतात: कॉफी बंद, कच्चा कांदा-लसूण बंद, काहीजण चहाही कमी करायला लावतात. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं रात्री अकराला अंगात असतं. रात्री दहाला तिखट शेवभाजी आणि कच्चा कांदा खाऊन लगेच आडवं होणाऱ्याची छातीतली जळजळ पथ्यानं थांबते. गुण पथ्याचा येतो आणि नाव गोळीचं होतं.

मला स्वतःलाच तपासून बघायचंय. कसं करू?

अवश्य करा. आधी दोन आठवडे काहीही न घेता वही लिहा. रोज सकाळी उठल्यावर पाच गोष्टी टिपायच्या: अंथरुणावर किती वाजता पडलो, झोप लागायला अंदाजे किती मिनिटं लागली, रात्री जागून एकूण किती वेळ गेला, शेवटी किती वाजता उठलो, आणि दिवसभराच्या तरतरीला १० पैकी गुण. रात्री घड्याळ बघायचं नाही, अंदाज पुरे. घड्याळ बघितलं की झोप आणखी उडते.

पुष्कळांची उत्सुकता इथेच शमते, कारण नुसती वही लिहिल्यानं झोप कुठे जाते ते दिसतं. तरी औषध तपासायचंच असेल तर ३० किंवा २०० पोटेन्सीसाठी, म्हणजे नावापुढे तो आकडा असलेल्या औषधासाठी, पुढची पद्धत वापरा. 'क्यू'साठी ही चालत नाही, त्याची चव लपत नाही.

होमिओपॅथीच्या दुकानातून बिनऔषधी साखरेच्या गोळ्यांच्या दोन सारख्या कुप्या घ्या. एकीत औषधाचे थेंब टाकायला सांगा, दुसरीत तितकेच थेंब नुसत्या स्पिरिटचे. स्पिरिट टाकायचं विसरलात तर वासावरूनच औषध कोणतं ते कळेल आणि सगळी मेहनत वाया जाईल. दोन्ही कुप्या घरी नेण्याआधी दुकानदाराकडूनच 'अ' आणि 'ब' अशी चिठ्ठी लावून घ्या. कोणती कशाची, ते बंद पाकिटात. मग आठ चिठ्ठ्या करा, चारवर 'अ', चारवर 'ब'. दर तीन रात्रींसाठी एक चिठ्ठी काढायची आणि तीच कुपी वापरायची. चोवीस रात्री होतात. या काळात चहाची वेळ, जेवणाची वेळ, झोपायची जागा बदलू नका. लग्नसराईत किंवा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाहुणे येणार असतील तेव्हा सुरूच करू नका.

शेवटी प्रत्येक तीन रात्रींची सरासरी काढा आणि मगच पाकीट उघडा. औषधाचे चारही गट दुसऱ्या चारही गटांपेक्षा सरस निघाले, तर ते नुसत्या योगायोगानं होण्याची शक्यता ७० मध्ये एक. सरमिसळ निघाली तर बाटलीत दम असल्याचं दिसलं नाही, असंच म्हणायचं. किती फरक पडला तर 'गुण आला' म्हणायचं, ते आधीच वहीत लिहून ठेवा, उदाहरणार्थ झोप लागायला २० मिनिटं कमी. नंतर ठरवायला गेलात तर मन हवा तो अर्थ लावतं.

बाटली किती दिवस पुरते? खर्चाचा हिशोब कसा मांडायचा?

ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली. ३० मिलीच्या बाटलीत ६०० थेंब. 'दिवसातून तीन वेळा १५ थेंब' लिहिलं असेल तर रोजचे ४५, म्हणजे बाटली तेरा दिवसांत संपते. महिन्याला सव्वादोन बाटल्या धरा, तीन महिन्यांचा कोर्स सांगितला असेल तर सात. २५ ग्रॅमच्या बायोकेमिक डबीत १०० मिलीग्रॅमच्या अडीचशे गोळ्या, रोज सोळा घेतल्या तर पंधरा दिवस. एका बाटलीची किंमत छोटी वाटते, कोर्सची किंमत विचारा. 'तीन महिने घेतल्याशिवाय गुण कळत नाही' असं सांगणाऱ्याला एवढंच विचारावं, की चार आठवड्यांत काय दिसायला हवं आणि ते दिसलं नाही तर पुढच्या बाटल्या कशासाठी?

खोक्यावर काय काय असायलाच हवं?

औषधाचं नाव, पोटेन्सी, उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, 'होमिओपॅथिक औषध' हे शब्द आणि अल्कोहोल असेल तर त्याचं प्रमाण. एकच घटक असलेल्या औषधाला कंपनीला स्वतःचं आकर्षक नाव देता येत नाही. १२ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं औषध ग्राहकाला ३० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत विकता येत नाही. आठवडी बाजारात किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीतून आलेल्या बाटलीवर यातलं काही नसेल, तर ते होमिओपॅथीचं औषध आहे की आणखी काही, हेच सांगता येत नाही. 'पहिल्याच रात्री गाढ झोप' देणाऱ्या बिनलेबलच्या गोळीत चक्क गुंगीचं औषध मिसळलेलं असू शकतं. ती घेऊ नका.

साइड इफेक्ट तर नाहीत ना?

३० आणि २०० च्या साखरगोळ्यांचे थेट दुष्परिणाम जवळपास नसतात, त्याचं कारण वर आलंच आहे. बायोकेमिक गोळ्यांतली दुग्धशर्करा काहींना पचत नाही, पोट फुगतं.

'क्यू'ला मात्र हे लागू नाही. त्यात अल्कोहोल भरपूर असतं. लिव्हरचा आजार असलेल्यांनी आणि लहान मुलांनी ते टाळावं. दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामच्या गोळ्या चालू असतील तर थोड्या अल्कोहोलनंही चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या सुरू होऊ शकतात. पॅसिफ्लोरा किंवा व्हॅलेरियन झोपेच्या, फिटच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर गुंगी वाढू शकते. भुसावळच्या रेल्वे रनिंग स्टाफसाठी (गाडी चालवणाऱ्यांसाठी) एक सूचना: ड्यूटीवर चढताना ब्रेथ अ‍ॅनालायझर असतो. त्याच्या तोंडावर टिंक्चर घेतलं तर तोंडातलं अल्कोहोल यंत्रावर दिसू शकतं.

डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी बंद करून हे सुरू करू का?

नाही. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम यांसारखी गोळी महिनोन् महिने घेतलेली असेल आणि ती एकदम थांबवली, तर झोप पूर्वीपेक्षा जास्त उडते, हात थरथरतात, काहींना फिटही येते. ती कमी करायची तर ज्यांनी सुरू केली त्यांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्यानं, आठवडे किंवा महिने घेऊन. ड्रॉप्स सुरू करणाऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर?

'क्यू' नको. बाळ रात्री सारखं रडत असेल तर ड्रॉप्स न देता बालरोगतज्ज्ञाला दाखवा.

बीएचएमएस डॉक्टरांकडे जाऊन घेतलं तर वेगळं पडेल का?

तपासणी वेगळी पडेल. चांगला डॉक्टर अर्धा-पाऊण तास बोलतो, घरची काळजी ऐकतो, दिनचर्या विचारतो, त्याचा झोपेला फायदा होतो. गोळीबद्दलचा पुरावा त्यामुळे बदलत नाही. त्यांनी घोरणं, थायरॉइड, साखर, रक्तातलं लोह याबद्दल विचारलं आणि गरज पडल्यावर पुढे पाठवलं, तर ती फी सत्कारणी लागली.

मग त्या पैशात झोपेसाठी काय करावं?

झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. स्लॅबचं घर दिवसभर तापून रात्री बारापर्यंत आग ओकतं. धाब्याच्या घरात हा त्रास कमी. सूर्य मावळल्यावर गच्चीवर पाणी मारा. कूलर लावलात तर समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो, घाम सुकत नाही आणि कूलर असून तगमग होते. झोपण्याआधी तासभर कोमट पाण्यानं अंघोळ. गार पाण्यानं कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच राहते. शेवटचा चहा दुपारी तीनच्या आत. तंबाखू आणि मिश्रीतलं निकोटिन झोप उडवतं, झोपण्याआधीची मिश्री बंद करा.

जुना निद्रानाश, म्हणजे आठवड्यात तीन रात्री आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ, असेल तर सगळ्यात पक्का पुरावा सीबीटी-आय या, झोपेच्या सवयी आणि विचार बदलणाऱ्या, बिनऔषधी उपचाराला आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ साली प्रौढांसाठी हाच पहिला उपचार सांगितला. त्याचा गाभा वहीवरच चालतो. समजा तुम्ही साडेआठ तास अंथरुणावर असता आणि झोप साडेपाचच तास होते. तर उठायची वेळ सकाळी सहा पक्की करा आणि रात्री साडेबाराशिवाय अंथरुणावर जाऊ नका. वीस मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठा, दुसऱ्या जागी मंद उजेडात बसा, डोळे जड झाल्यावर परत या. आठवडाभर अंथरुणावरच्या वेळापैकी ८५ टक्के वेळ झोपेत गेला, की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा. पाच तासांच्या खाली कधीच जाऊ नका. पहिले दहा-बारा दिवस दिवसा फार पेंग येते. पुष्कळजण तिथेच सोडून देतात, किंवा दुपारी झोपून केलेलं सगळं घालवतात. ट्रक, ट्रॅक्टर, जिनिंगचं यंत्र चालवणाऱ्यांनी आणि फिट किंवा बायपोलरचा आजार असलेल्यांनी हे डॉक्टरांशिवाय करू नये.

रातपाळी आहे, किंवा मोटारीची लाइट रात्रीच येते. आमच्यासाठी ड्रॉप्स चालतील का?

तुमची झोप बिघडलेली नाही, तिची वेळ हिरावली गेली आहे. दीपनगरचं वीज केंद्र, वरणगावची फॅक्टरी, रेल्वे, सगळीकडे हेच. पाळीआधी दीड तास झोप, चहा पाळीच्या पहिल्या निम्म्या वेळातच, घरी जाताना डोळ्यांवर काळा गॉगल, खोलीत जाड पडदा आणि फोन बंद. शेतात रात्री लाइट येत असेल तर ऑटो स्विच किंवा मोबाइल स्टार्टर बसवा, मोटार सुरू करायला जावं लागत नाही. केळीच्या ठिबकला व्हॉल्व्ह बदलायला उठावंच लागत असेल, तर दोन फेऱ्यांऐवजी एकच होईल अशी पाळी लावून घ्या. सलग झोप तुकड्यातुकड्यांच्या झोपेपेक्षा जास्त आराम देते.

डॉक्टरकडे कधी जायचंच?

घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, रात्री पाय सारखे हलवावेसे वाटत असतील, तीन-चार वेळा लघवीला उठावं लागत असेल, वजन कारणाशिवाय बदलत असेल, किंवा बीपीची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल. पहाटे तीनला जाग येऊन मन उदास राहत असेल तर तेही दाखवा. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तपासून घेता येतं. जगणं नको वाटण्याचे विचार येत असतील तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर लगेच फोन करा. तो रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलतात आणि पैसे लागत नाहीत.

बिनलेबलची बाटली किंवा खोटी जाहिरात दिसली तर तक्रार कुठे?

अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, लेखी. बाटली फेकू नका. उरलेल्या औषधासह बाटली, खोकं, पक्कं बिल आणि जाहिरातीचा फोटो सोबत जोडा. बिल नसेल तर विक्रेत्याचं ठिकाण आणि तारीख लिहा. तक्रारीच्या प्रतीवर पोचीचा शिक्का घ्यायला विसरू नका.